घर थंड ठेवण्याचा सरकारी नियम बेळगावच्या घराला किती लागू पडतो

बेळगाव शहरात, निपाणीत, चिकोडीत आज बांधल्या जाणाऱ्या घरांपैकी बहुतेकांचा नकाशा एकाच ठशाचा असतो. ३० बाय ४० चा प्लॉट, सहा इंची आरसीसी स्लॅब, नऊ इंची किंवा सहा इंची भिंत, अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आणि वर उघडी गच्ची. जुन्या कौलारू घराच्या माजघरात मे महिन्यातही पाठ टेकवता येत असे. या नव्या घरात वरच्या मजल्यावरची खोली रात्री अकरापर्यंत तापलेली राहते आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथे एसी येतो. घर मुळातच असे बांधावे की एसी कमी लागेल, यासाठी केंद्र सरकारने नियम केलेले आहेत. ते काय सांगतात, कुणावर बंधनकारक आहेत आणि ज्यांच्यावर नाहीत त्यांनी त्यातले काय उचलावे, ते इथे सविस्तर मांडले आहे.

पॅसिव्ह हाउस हा शब्द आता बिल्डरांच्या जाहिरातींतही दिसू लागला आहे. मूळ कल्पना थंड देशांतली. बो अॅडम्सन आणि वोल्फगांग फाइस्ट या दोघांनी ती मांडली. जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरात १९९१ साली अशा पहिल्या घरांत माणसे राहायला गेली आणि १९९६ मध्ये त्याच शहरात पॅसिव्ह हाउस इन्स्टिट्यूट उभी राहिली. त्यांचा निकष कडक आहे. घर गरम ठेवायला वर्षाला दर चौरस मीटरमागे १५ युनिटपेक्षा जास्त ऊर्जा लागता कामा नये. भिंतीच्या फटींतून, दारा-खिडक्यांच्या कडांतून हवा किती गळते तेही मोजतात. पंख्याने ५० पास्कलचा दाब देऊन चाचणी घेतात आणि तासाभरात घरातल्या एकूण हवेच्या ०.६ पटीपेक्षा जास्त गळती चालत नाही. थोडक्यात घर थर्माससारखे बंद करायचे आणि ताजी हवा यंत्राने आत आणायची. युरोपीय संघाने २०१० पासून नव्या इमारतींसाठी याच दिशेचे कायदे केले. २०२४ च्या सुधारित निर्देशानुसार २०३० पासून तिथल्या नव्या इमारती जागेवर इंधन जाळून धूर सोडणार नाहीत अशाच बांधायच्या आहेत.

हे जसेच्या तसे बेळगावात आणले तर नुकसान होईल. इथे घर गरम ठेवण्याचा प्रश्नच नाही. एप्रिलमध्ये दुपारी पारा पस्तिशीच्या पुढे जातो, पण समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीमुळे रात्री बाहेरची हवा विशीच्या आसपास उतरते. रात्री खिडक्या उघड्या टाकल्या की फुकटचा गारवा आत येतो. त्या खिडक्या बंद करून, सील लावून बसण्यात अर्थ नाही. आणि जुलैमध्ये खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जी ओल असते, त्या दिवसांत हवा खेळती नसलेल्या घरात कपाटामागे बुरशी धरायला पंधरा दिवसही लागत नाहीत. आपल्याकडचा सरकारी नियम हे ओळखून बनवला आहे. म्हणूनच तो जर्मन निकषापेक्षा वेगळा दिसतो.

कायदा कुठून सुरू होतो

मूळ कायदा २००१ चा, ऊर्जा संवर्धन कायदा. त्याखाली २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सुरू झाला. सगळे त्याला बीईई म्हणतात. फ्रिज-एसीवर तारे लावणारी संस्था तीच. २००७ मध्ये ब्युरोने मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ईसीबीसी (ऊर्जा संवर्धन इमारत संहिता) ही संहिता आणली आणि २०१७ मध्ये ती नव्याने लिहिली. हॉटेल, रुग्णालय, मॉल, मोठे कार्यालय, म्हणजे ज्यांचा जोडभार १०० किलोवॅट किंवा करारातली मागणी १२० केव्हीए आहे, अशांसाठी ती आहे. राहत्या घरांसाठीची संहिता १४ डिसेंबर २०१८ ला आली. तिचे नाव इको निवास संहिता. पहिल्या भागात फक्त घराचे कवच आहे: भिंत, छप्पर, खिडकी. २०२१ च्या दुसऱ्या भागात दिवे, पंप, लिफ्ट, सौरऊर्जा वगैरे आले. २०२२ मध्ये मूळ कायदा दुरुस्त झाला आणि १ जानेवारी २०२३ पासून राहत्या इमारतीही थेट कायद्याच्या कक्षेत आल्या. २०२४ मध्ये ब्युरोने दोन्ही संहिता पुन्हा सुधारून काढल्या.

आता बंधनाचा प्रश्न. केंद्राची संहिता म्हणजे नमुना. राज्याने ती आपल्या हवामानाप्रमाणे बदलून अधिसूचित करायची, मग ती बांधकाम उपविधीत घालायची, आणि मग महानगरपालिका किंवा नगरविकास प्राधिकरण नकाशा मंजूर करताना ती तपासणार. कर्नाटकात या कामाची नेमलेली संस्था केआरईडीएल आहे, तिला इथले लोक क्रेडल म्हणतात. किती मोठ्या इमारतीपासून संहिता लागू होते, ती मर्यादा खाली आणायचा अधिकारही राज्याला आहे. तेव्हा नकाशा ‘बुडा’कडे (बेळगाव नगरविकास प्राधिकरण) किंवा महापालिकेत देण्याआधी आर्किटेक्टला थेट विचारा: आपल्या प्लॉटला आज कोणती संहिता लागते आणि कुठला हिशेब जोडायचा? कोल्हापुरातल्या किंवा चंदगडातल्या नातेवाइकाने काय केले ते विचारून उपयोग नाही, कारण तिकडची मंजुरी महाराष्ट्राच्या नियमांनी होते. संहितेतले मूळ आकडे मात्र केंद्राचे आहेत, राज्याने बदलले नसतील तर ते दोन्हीकडे तेच.

२०१८ ची संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या घरांसाठी आहे. आपल्या भाषेत जवळजवळ पाच गुंठे. ३० बाय ४० चा प्लॉट १२०० चौरस फुटांचा, म्हणजे सुमारे १११ चौरस मीटर भरतो. म्हणजे टिळकवाडी-शहापूरपासून निपाणी-संकेश्वरपर्यंतची बहुतांश घरे आणि ग्रामपंचायत हद्दीतली जवळजवळ सगळीच घरे नियमाच्या बाहेर राहतात. अपार्टमेंट आणि मोठ्या ले-आउटमधले बंगलेच तेवढे आत येतात. आमच्या मते हीच या धोरणातली मोठी उणीव आहे. उन्हाचा ताप सगळ्यात जास्त लहान प्लॉटवरच्या एकमजली घराला होतो, आणि त्यालाच नियम शिवत नाही. तेलंगणाने २०२३ ते २०२८ साठी थंड छपरांचे वेगळे धोरण केले, त्यातही राहत्या घरांना सक्ती ६०० चौरस यार्डांच्या वरच आहे. लहान घराने वाट न बघता संहितेतले आकडे आपणहून घ्यावेत, हेच बरे.

तीन आकडे

कवचाच्या भागात अटी फार नाहीत. आपल्या भागासाठी मुख्य तीन आहेत.

पहिली छपराची. छपरातून उष्णता किती झिरपते ते यू-व्हॅल्यूने मोजतात. बाहेर आणि आत एका अंशाचा फरक असेल तर दर चौरस मीटरमधून किती वॅट आत येतात, तो आकडा. संहितेनुसार तो १.२ पेक्षा जास्त नको. आपल्याकडचा नुसता सहा इंची स्लॅब, खालून गिलावा केलेला, हिशेबाने ३.१ च्या आसपास येतो. वर चार इंची ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) केला तरी २.२ च्या खाली जात नाही. कोबा केला म्हणजे घर थंड झाले, ही समजूत गवंड्यांपासून इंजिनिअरांपर्यंत पसरलेली आहे. कोबा पाणी अडवतो. उष्णता तो थोडीच अडवतो.

दुसरी अट भिंती आणि खिडक्या मिळून. तिला आरईटीव्ही म्हणतात, म्हणजे भिंती-खिडक्यांतून सरासरी किती उष्णता आत येते तो आकडा, आणि मर्यादा दर चौरस मीटरला १५ वॅट आहे. भिंतीचा माल, काचेचा प्रकार, छज्जा, खिडकी कोणत्या दिशेला, हे सगळे एका सूत्रात घालून हा आकडा निघतो. थंड प्रदेश सोडला तर देशातल्या सगळ्या हवामान विभागांना हीच मर्यादा आहे, त्यामुळे खानापूरचे दमट रान आणि अथणीचे कोरडे रान यांत इथे फरक पडत नाही. सूत्रातून एक गोष्ट ठळक दिसते. साध्या पारदर्शक काचेचा एक चौरस मीटर, त्यावर सावली नसेल तर, नऊ इंची विटेच्या भिंतीच्या सुमारे सहा चौरस मीटरांइतकी उष्णता आत घेतो. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या १५ टक्के खिडक्या धरल्या, तर नऊ इंची वीट आणि उघडी काच मिळून आकडा १८ च्या जवळ जातो, म्हणजे नापास. त्याच खिडक्यांना नीट छज्जे दिले की १५-१६ वर येतो. छज्जे न देता आठ इंची एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक) वापरले तर १३ च्या आसपास. दोन्ही केले तर बराच खाली.

तिसरी अट वाऱ्याची. उघडणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ कार्पेट क्षेत्रफळाच्या ठरावीक टक्के हवे. उष्ण-कोरड्या भागात १० टक्के, मिश्र आणि समशीतोष्ण भागात साडेबारा, उष्ण-दमट भागात १६.६६, म्हणजे सहावा हिस्सा. बेळगाव जिल्ह्यात पश्चिमेला घाटाची ओल आणि पूर्वेला कोरडवाहू, म्हणून सहावा हिस्सा धरून चालावे, कुठेही कमी पडणार नाही. यात खिडकीचा पूर्ण आकार मोजत नाहीत, उघडणारा भाग मोजतात. दोन पल्ल्यांच्या सरकत्या खिडकीचे निम्मेच धरतात, कारण एक पल्ला दुसऱ्याच्या मागे जाऊन बसतो. बिजागरीवर बाहेर उघडणाऱ्या खिडकीचे ९० टक्के. म्हणजे ४ बाय ४ फुटांची सरकती खिडकी फक्त ८ चौरस फूट, तीच बिजागरीची असेल तर १४ फुटांपेक्षा थोडी जास्त. संहिता संपूर्ण घराचे गुणोत्तर बघते, तरी खोलीनिहायही करून बघा. १० बाय १२ च्या खोलीला २० चौरस फूट उघडता भाग लागतो. त्या खोलीत एकच सरकती खिडकी असेल तर निम्माही भरत नाही. रात्री पंखा पाचवर फिरत असूनही घुसमट का होते, त्याचे उत्तर बहुतेक वेळा याच गणितात असते.

हा सगळा हिशेब हाताने करायची गरज नाही. बीईईच्या संकेतस्थळावर त्यासाठीचे साधन विनामूल्य आहे. नकाशातली मापे आणि मालाचे प्रकार भरले की पास-नापास कळते. आर्किटेक्टकडून त्याची छापील प्रत मागून घ्या.

पहिला खर्च छपरावर

बेळगाव साधारण १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि २१ जूनला तर डोक्याच्या साडेसात अंश उत्तरेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन गच्चीवर पडते, भिंतींवर नाही. पैसे थोडे असतील तर ते छपरावर घाला.

८०० चौरस फुटांची गच्ची धरू, म्हणजे सुमारे ७४ चौरस मीटर. यू-व्हॅल्यू ३.१ असेल तर दर अंशाला जवळजवळ २३० वॅट आत येतात. उन्हाने तापलेल्या गच्चीवर फरक २० अंशांचा धरला तर साडेचार किलोवॅट. दीड टनाचा एसी सव्वापाच किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो, म्हणजे एक एसी जवळजवळ नुसत्या छपरासाठी चालतो. त्याच गच्चीवर २५ मिलिमीटरचा एक्सपीएस फोम (उष्णता अडवणाऱ्या कडक पॉलिस्टायरीनच्या शीट) टाकला तर यू-व्हॅल्यू ०.८६ वर येते आणि साडेचारचे सव्वा किलोवॅट होतात. ५० मिलिमीटरचा टाकला तर ०.५ च्या आसपास. २५ ने नियम पुरा होतो. पण मजुरी दोन्हीला तीच, म्हणून शक्य असेल तर ५० चा घ्यावा.

काम स्लॅबच्या वरून करायचे. खालून पीओपीच्या छताआड थर्मोकोल भरणे स्वस्त वाटते, पण त्यात दोन अडचणी आहेत. स्लॅब उन्हात तापतोच, तो फुगतो आणि आकसतो, भेगा वाढत जातात. आणि गळती झाली तर छताच्या आड पाणी महिनोन्‌महिने दिसत नाही.

वरून करायचा क्रम असा. आधी स्लॅब घासून स्वच्छ, भेगा खोदून भरून घ्यायच्या. मग पाणी वाहून जाईल असा उतार, दर १०० फुटांना एक फूट या प्रमाणात. त्यावर पॉलिमरचे वॉटरप्रूफिंग दोन हात, पॅरापेटवर फूटभर वर चढवून. पॅरापेटच्या बुडाशी काटकोन राहू द्यायचा नाही, तिथे मसाल्याची गोलाई (वाटा) भरायची, कारण थर पहिल्यांदा तिथेच फाटतो. मग पाण्याची चाचणी. सगळे पाइप बंद करून दोन-तीन इंच पाणी ४८ तास साठवायचे आणि खालून छत बघायचे. ही चाचणी झाल्याशिवाय फोमची एकही शीट वर जाऊ देऊ नका. एकदा फोम झाकला की गळती शोधायची तर सगळे उखडावे लागते.

त्यानंतर फोम. घनता दर घनमीटरला ३२ किलो किंवा जास्त, आणि कडांना खाच असलेल्या शीट, म्हणजे एकीची कड दुसरीवर बसते. १२५० बाय ६०० मिलिमीटरची शीट पाऊण चौरस मीटर झाकते, म्हणजे ७४ चौरस मीटरला ९९ लागतात. कापण्यात जाणाऱ्या धरून १०४-१०५ मागवाव्यात. सांधे विटांसारखे चुकवून लावायचे आणि टेपने बंद करायचे. वर पॉलिथिनचा पातळ कागद, मग ५० मिलिमीटरचा काँक्रीटचा थर आत जाळी घालून, तोही एकसंध न ठेवता साधारण दोन बाय दोन मीटरच्या चौकटींत. मधल्या सांध्यांत सीलंट. सगळ्यात वर पांढरा चायना मोझॅक किंवा फिकट टाइल. पांढरा रंग ऊन परतवतो, म्हणून फोमलाही कमी काम राहते.

वजनाचे सांगायला हवे. चार इंची कोबा दर चौरस मीटरला दीडशे किलोच्या वर जातो. ५० मिलिमीटरचा फोम अवघा दीड-पावणेदोन किलो, त्यावरचे काँक्रीट सुमारे १२० किलो. जुन्या घरावर आधीच कोबा असेल आणि वर हे सगळे चढवायचे असेल तर इंजिनिअरला बीम-कॉलम तपासायला लावा. बहुतेक वेळा जुना कोबा काढूनच काम करावे लागते.

चुका कुठे होतात तेही पाहू. सगळ्यात मोठी चूक उंचीची. उतार, फोम, काँक्रीट, टाइल मिळून गच्ची पाच-सहा इंच वर येते. जिन्याच्या खोलीचा उंबरा स्लॅबच्या पातळीला ठेवला असेल तर पहिल्या मुसळधार पावसात पाणी जिन्यातून घरात उतरते. उंबरा आठ इंच वर हवा, आणि पॅरापेटही तेवढाच उंच धरावा, नाहीतर गच्चीवरच्या लेकरांना कठडा बुटका पडतो. पावसाच्या पाइपांचे तोंडही नव्या पातळीला बसवायचे असते. हे सगळे स्लॅब टाकायच्या आधी ठरवावे लागते. दुसरी चूक, फोमच्या शीट महिनाभर उन्हात रचून ठेवणे. त्या पिवळ्या पडतात, वाकतात आणि मग सांधे बसत नाहीत. तिसरी, गरम डांबर किंवा पेट्रोलसारख्या द्रावणातला गोंद थेट फोमवर ओतणे. फोम तिथल्या तिथे विरघळतो.

ज्यांना एवढा खर्च झेपत नाही त्यांनी निदान गच्ची पांढरी करावी. चुना लावला तरी फरक पडतो, पण खानापूर भागात पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढते. दिवाळीनंतर शेवाळ तारेच्या ब्रशने काढून फेब्रुवारीत नवा हात द्यायचा, दरवर्षी. पत्र्याच्या घरात वरून पांढरा रंग आणि खाली किमान सहा इंच पोकळी सोडून छत, आणि त्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळीची भोके. ती भोके न ठेवता पोकळी बंद केली तर गरम हवा तिथेच अडकून राहते.

भिंत, पश्चिमेचे ऊन आणि नैऋत्येची खोली

दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा पुरतो. २१ डिसेंबरला दुपारी सूर्य क्षितिजापासून ५१ अंशांवर असतो, तेव्हा चार फुटी खिडकीचा वरचा अडीच फुटांचा भाग सावलीत राहतो आणि खालून ऊब आत येते, ती थंडीत हवीच असते. मार्चपासून ऊन चढले की अख्खी खिडकी सावलीत जाते. पश्चिमेला मात्र छज्जा हरतो. दुपारी चारनंतर सूर्य समोरून, तिरपा येतो. तिथे उभे पडदे लागतात: बाहेरून लावलेले लुव्हर, बांबूच्या चिका, वेलाची जाळी, किंवा सरळ पडवी. आतला पडदा उपयोगाचा नाही. काचेतून आत आलेली उष्णता आतच राहते.

सगळ्यात शहाणा उपाय म्हणजे पश्चिमेला जिना, न्हाणीघर, कोठीची खोली ठेवणे. पण वास्तूप्रमाणे घरधन्याची झोपायची खोली नैऋत्येला येते आणि बहुतेक घरांत ती तशीच येणार, हे धरून चालू. मग त्या खोलीच्या पश्चिम भिंतीला खिडकी लहान ठेवा, मोठी खिडकी दक्षिणेला घ्या, आणि पश्चिमेची भिंत एएसी ब्लॉकची किंवा मध्ये दोन इंच पोकळी सोडलेली दुहेरी करा. पाऊसही नैऋत्येकडूनच झोडपतो, त्यामुळे या भिंतीवरचा खर्च दोन्ही ऋतूंत कामी येतो. आतून त्या भिंतीला कपाट लावणार असाल तर तीन इंच जागा सोडा, नाहीतर श्रावणात मागे बुरशी धरते.

मालाचे बोलायचे तर नऊ इंची विटेच्या भिंतीची यू-व्हॅल्यू २ च्या आसपास, आठ इंची भरीव काँक्रीट ब्लॉकची २.८, आठ इंची एएसीची पाऊण. सध्या स्वस्त म्हणून सगळीकडे काँक्रीट ब्लॉक चालतात आणि उष्णतेच्या बाबतीत तेच सगळ्यात वाईट. खानापूरकडचा जांभ्याचा चिरा जाड भिंतीत चांगला. दिवसा तापायला वेळ घेतो आणि रात्री खिडक्या उघड्या ठेवल्या की निवतो. पण बाहेरून सांधे (दर्जा) भरून किंवा गिलावा करून घ्यावा, तो पाणी ओढतो.

एएसीच्या भिंतींना भेगा पडतात ही तक्रार खरी आहे, पण त्यामागे काम करण्याची पद्धत असते. गवंड्याला विटा भिजवायची सवय असते, म्हणून तो हे ब्लॉकही हौदात बुडवतो. ते स्पंजासारखे पाणी पितात आणि सुकताना आकसतात. फक्त वरून पाणी शिंपडायचे. जोड साध्या जाड मसाल्याने न करता त्याच्या खास गोंदाने, तीन मिलिमीटरचा. कॉलम-बीम आणि ब्लॉक जिथे भेटतात तिथे गिलाव्याआधी जाळी मारायची. इलेक्ट्रिशियनला छिन्नी-हातोड्याने खाचा पाडू देऊ नका, कटरनेच करायला सांगा.

वीजबिलाशी याचा संबंध

कर्नाटकात गृहज्योती योजनेखाली २०० युनिटपर्यंत वीज फुकट आहे, आणि प्रत्येक घराची मर्यादा त्याच्या आधीच्या सरासरी वापरावरून ठरते. २०० च्या वर गेलात की हेस्कॉम ही इथली वीज कंपनी सगळ्याचेच बिल लावते. उन्हाळ्यात रोज सहा तास एसी चालला तर ढोबळ मानाने तो एकटाच महिन्याला दीडशे-पावणेदोनशे युनिट खातो. म्हणजे ज्या घराला एसी लागत नाही त्याचे मार्च ते मे हे तीन महिने मर्यादेत राहायची शक्यता बरीच जास्त.

पंख्यांचेही बघा. जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा सुमारे ३० चा. चार पंखे दिवसाला बारा तास चालले तर महिन्याला १०८ युनिट आणि ४३ युनिट, असा फरक पडतो. छतावर सोलर बसवायचे असेल तर पीएम सूर्य घर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्तला ७८ हजार रुपये अनुदान आहे. पण आधी छपराचे काम, मग सोलर. पॅनेलचे पाय काँक्रीटच्या थरातून फोमला भोके पाडून ठोकले तर वॉटरप्रूफिंगही फाटते. पायांसाठीचे छोटे ओटे स्लॅबपासूनच वर उचलून त्यांच्याभोवती थर गुंडाळून घ्यावा.

करारात काय लिहावे

ठेकेदाराशी बोलणे तोंडी राहते आणि इथेच काम बिघडते. ‘उष्णतारोधक गच्ची’ एवढेच लिहिले तर तो कोब्यावर पांढरा रंग मारून मोकळा होईल. फोमची जाडी आणि घनता, वॉटरप्रूफिंगचे किती हात, ४८ तासांची पाण्याची चाचणी मालकासमोर, फोम झाकण्याआधी सांध्यांचे फोटो, उंबऱ्याची उंची स्लॅबपासून आठ इंच, खिडक्या बिजागरीच्या की सरकत्या, पश्चिम भिंतीचा माल, असे एकेक वेगळे लिहा. काही ठेकेदार कन्नडमध्ये छापील करारनामा देतात. त्याला ही यादी जोडून दोघांच्या सह्या घ्या, आणि छपराच्या कामाचा शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर द्यायचा, हेही त्यातच घाला. काम जानेवारी ते एप्रिल या काळात उरकावे. मेच्या मध्यापासून वळवाची सर कधी येईल सांगता येत नाही, आणि ओल्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंग धरत नाही.